'एथिक्सचं तेवढं उरकून टाक'

वैद्यकीय महाविद्यालयात प्रबंधाचा विषय ठरला की पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कानावर हे वाक्य हमखास पडतं. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या लेखी नैतिकता समितीची मान्यता म्हणजे एक सही आणि एक शिक्का. मागच्या बॅचमधल्या कुणाचा तरी अर्ज घ्यायचा, नाव आणि विषय बदलायचा की झालं. माझं भांडण या वाक्याशीच आहे. माणसांवरच्या आरोग्य-संशोधनात हा अर्ज म्हणजे संशोधनाचाच पहिला भाग, आणि तो उरकून टाकणारा पुढचं कामही उरकूनच टाकतो, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पहिला आक्षेप असा : 'आम्ही सुई टोचत नाही, गोळी देत नाही. नुसती प्रश्नावली भरून घ्यायची, त्यात कसला आलाय धोका?'

कौटुंबिक हिंसेचे आरोग्यावर होणारे परिणाम हा विषय घ्या. एका खोलीचं घर, कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेली सासू, आणि सुनेला प्रश्न विचारायचा की गेल्या वर्षभरात नवऱ्याने हात उचलला का? माहिती गोळा करणारी मुलगी अर्ध्या तासात पुढच्या घरी जाईल. त्या बाईला रात्र तिथेच काढायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ सालच्या सूचनांत म्हणूनच फार बारीक गोष्टी सांगितल्या आहेत. एका घरात एकाच बाईशी बोला. गावात पाहणीची ओळख करून देताना हिंसेचं नाव न घेता बायकांच्या आरोग्याची पाहणी म्हणा. मध्येच कुणी आत आलं तर विषय बदलून साधे, निरुपद्रवी प्रश्न सुरू करा. हे शहाणपण उंबऱ्यावर उभं राहिल्यावर सुचत नाही. अर्जातला 'सहभागींना संभाव्य धोके' हा रकाना ते आधी सुचायला भाग पाडतो. तिथे 'काही नाही' असं लिहून मोकळं होणाऱ्याने त्या घराचा विचारच केलेला नसतो.

आणि खरोखरच धोका नसेल तर? त्याचीही सोय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सूट, जलद पुनरावलोकन आणि पूर्ण समितीपुढचं पुनरावलोकन अशा तीन वाटा आहेत. फक्त आपला अभ्यास कोणत्या वाटेचा, हे संशोधकाने स्वतःच ठरवायचं नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त घातक वाटतो : 'हे संशोधन नाहीच, हा उपक्रम आहे.' २००९ साली पाथ या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या साथीने तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस दिली. प्रकल्पाला नाव होतं प्रात्यक्षिक प्रकल्पाचं. औषधचाचणी नाही म्हटल्यावर औषधचाचणीची शिस्तही सैल झाली. संसदीय स्थायी समितीच्या २०१३ च्या अहवालानुसार आंध्रातल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहांच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आईबाप आदिवासी पाड्यावर, मुलगी वसतिगृहात आणि सही वॉर्डनची! प्रकल्पाच्या काळात काही मुली दगावल्या; त्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. लस चांगलीच आहे, ती मुलींना मिळायलाच हवी. म्हणून तर या बेपर्वाईचा जास्त राग येतो. चांगल्या लशीवर संशयाची सावली पडली ती कागद नीट न केल्याने, आणि ती वर्षानुवर्षं राहिली.

'आपल्या माणसांना संमतिपत्रातलं काय कळणार? त्यांचा डॉक्टरवर विश्वास असतो,' असंही सांगितलं जातं. असतो, आणि अडचण तिथेच आहे. केसपेपर हातात धरून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा असलेला माणूस ज्याच्याकडून औषध घ्यायचं त्यालाच 'नाही' कसं म्हणेल? तेव्हा नाही म्हटलं तरी उपचार चालूच राहतील, हे माहितीपत्रकात ठळक लिहायचं आणि तोंडाने सांगायचं. पाच मिली रक्त म्हणजे चहाचा एक चमचा, कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार, येण्याजाण्याचं भाडं कोण देणार, बुडालेल्या मजुरीचं काय, हे सगळं वाचता न येणाऱ्यालाही कळतं. त्याच्यासाठी निःपक्ष साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवण्याची तरतूद आहे. कळत नाही ते बहुतेकदा आपलं लिहिणं.

मान्यतेचं पत्र मिळालं म्हणजे प्रश्न मिटला, असं मात्र मीही म्हणणार नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. १,३१,७४६ बायका, चार गट. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला फक्त नेहमीची सेवा. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला इथल्या बायकांमुळे कळलं. पण तपासणी उपयोगी पडते हे आधीच माहीत असताना चौथा गट तिच्याविना ठेवावा का, असा सवाल टीकाकारांनी केला. इथे नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच होतं, हे समर्थकांचं उत्तर. मला ते उत्तर अपुरं वाटतं. सरकारने सोय केली नाही, ही गोष्ट संशोधकाच्या पथ्यावर पडू नये. हा वाद निष्कर्षांनंतर घालून उपयोग नसतो. तो आधी, अर्जावर, समितीच्या टेबलाशी व्हायला हवा.

विलंबाची तक्रार मात्र खरी आहे. महिनोन् महिने बैठक होत नाही, झाली तर गणपूर्ती नसते, आणि मूळ प्रश्न सोडून स्वल्पविरामांवर शेरे येतात. पण करोनाच्या साथीत, २०२० साली, आयसीएमआरच्या सूचनांनुसार समित्या ऑनलाइन बसल्या आणि झटपट निर्णय झाले. म्हणजे मनात असलं की जमतं. आणि थोडा विलंब अर्जदाराच्या घरचाही असतो. मराठी माहितीपत्रक जोडलेलं नसतं, प्रश्नावली अर्धवट असते, मार्गदर्शकाने अर्ज वाचलेलाच नसतो. काही जण तर माहिती गोळा करून झाल्यावर नियतकालिकाने मागितलं म्हणून पत्र आणायला जातात. मागच्या तारखेची मान्यता देता येत नाही, आणि देऊही नये.

तेव्हा मागायचंच असेल तर नेमकं मागूया. समितीने दर महिन्याला बसावं. अर्ज परत पाठवला तर कारण लेखी द्यावं. मार्गदर्शकाने धोक्यांचा रकाना विद्यार्थ्याशेजारी बसून भरून घ्यावा. आणि समितीतल्या बिगरवैद्यकीय, सामान्य नागरिक सदस्याने मराठी माहितीपत्रक बैठकीत मोठ्याने वाचावं. तो जिथे अडखळेल तो परिच्छेद दुरुस्तीला परत जावा.