घाटातला ब्रेक

परवा जव्हारच्या बाजारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. स्कूटरवर होता. मागे दोन बाजूंना जोडलेली छोटी चाकं, पायाशी आडवी ठेवलेली कुबडी. गाडी थांबवल्यावर त्याने पहिली गोष्ट काय केली असेल, तर ब्रेकची दांडी दाबून तिच्यावर आणि मुठीवर सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा चढवला. म्हटलं, हे काय रे? तर म्हणाला, "उतार आहे ना गुरुजी. तुम्ही पाय टेकवता, मी काय टेकवू?"

घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

त्याला लहानपणी पोलिओ झाला. पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आताच्या शिक्षकांना वर्गात अशी मुलं दिसत नाहीत, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण तेव्हाची मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, संसारी आहेत. हा मोखाड्याकडून रोज जव्हारला येतो. मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे त्याचं.

आमच्या वेळच्या बजाज चेतकचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असायचा. मोटारसायकलचा अजूनही साधारण तिथेच असतो. उजवा पाय अधू असला की ती गाडी आपली नाहीच. मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या, दोन्ही ब्रेक हातात आले, आणि साइड व्हील जोडून देणारे कारागीर शहरोशहरी तयार झाले. एप्रिल २०१९ पासून तर सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान जोडब्रेक तरी सक्तीचा झाला. स्कूटरची डावी दांडी दाबली की पुढचं-मागचं दोन्ही चाक धरलं जातं. एका हातात जोर कमी असलेल्या माणसाला याचा केवढा आधार!

पण हे सगळं सपाट रस्त्याचं झालं. आमच्याकडे घाट आहेत. विक्रमगडकडून या, नाहीतर मोखाड्याहून तोरंगण घाटाने त्र्यंबकला जा, उतार काही चुकत नाही. गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं. बिनगिअरच्या स्कूटरचा वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी नुसती घरंगळते. सगळा भार ब्रेकवर. त्यात लोखंडी सांगाड्याचं आणि दोन जादा चाकांचं वजन, आणि त्या जादा चाकांना ब्रेकच नाही! ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होतात, दांडी मुठीला टेकते तरी गाडी धावतच राहते. शिवाय साइड व्हील पक्की जोडलेली असली आणि रस्त्याच्या दोन्ही कडा उंच, मध्ये खोलगट, असं झालं की मागचं मुख्य चाक अधांतरी राहतं. अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? ही गोष्ट मला त्यानेच रस्त्यावर काडीने आकृती काढून समजावली. शाळेत मी त्याला भूमितीत काठावर पास केलं होतं.

गेल्या पावसाळ्यात उतारावर त्याचा ब्रेक लागेना. दरीच्या बाजूला न जाता त्याने गाडी डोंगराला घासत नेऊन थांबवली. मागे बायको होती. तिला खरचटलं, याचं कोपर फुटलं. भेटायला गेलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, जपून चालवत जा. मीही तेच सांगून आलो. आज त्याची लाज वाटते. तो जपूनच चालवत होता.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या गाडीची व्याख्या होती ती खास त्यांच्यासाठी बनवलेली, नुसता फेरफार केलेली नव्हे, अशी. म्हणजे साइड व्हीलवाले कुठेच बसत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने रीतसर फेरफार केलेली गाडीही त्यात आली. कागदावरचं कोडं सुटलं हे बरंच झालं. पण माझं म्हणणं असं, की फेरफार कसा केलाय हे उतारावर कोण बघतो? जादा चाकांना ब्रेक हवा, तोही दोन्हीकडे सारखा धरणारा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल. ती चाकं स्प्रिंगवर खालीवर व्हायला हवीत. आणि उभ्या गाडीसाठी दांडीला खटका हवा, ट्यूबचा तुकडा नव्हे. यात रॉकेट सोडण्यासारखं काही नाही. जव्हारला वेल्डर आहेत, फिटर आहेत, आयटीआयची मुलं आहेत. त्यांना कोणी जाणत्याने आठ दिवस शिकवावं एवढंच.

ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. त्यातून गाडीच्या ब्रेकचं काम का करून मिळू नये? तसा अर्ज मी त्याला लिहून दिलाय. त्याने वाचला आणि म्हणाला, "गुरुजी, 'कृपावंत होऊन' एवढं काढा." काढलं.

आमचा पुण्याचा भाचा इंजिनिअर आहे आणि माझं लिखाण वाचतो असं सांगतो. खरंच वाचत असेल तर त्या दोन ब्रेकच्या केबल एका दांडीला कशा जोडायच्या, याचं चित्र काढून पाठव रे. घाई आहे. मे उलटला की इकडे पाऊस येतो.