वीस हजारांचे इंजिन शाळेने घ्यावे काय?



आपल्या शाळेत शिकून पुढे इंग्लंडात नोकरीला गेलेल्या एका दादांनी विज्ञान कोपऱ्यासाठी पंचवीस हजार रुपये देऊ केले आहेत. दिवाळीत ते गावी आले तेव्हा वाफेच्या इंजिनाची एक नवी कोरी प्रतिकृती त्यांनी शाळेत दाखवायला आणली होती. 'असेच एक शाळेसाठी पाठवू का?' असे त्यांनी विचारले आहे. त्याचा निर्णय शनिवारच्या पालकसभेत होणार आहे. तेव्हा सभेच्या आधीच माझे मत इथे मांडते.

त्या इंजिनाची किंमत दोनशे पौंडांहून जास्त आहे. एक पौंड म्हणजे शंभर रुपयांहून जास्त. म्हणजे हिशेब वीस हजारांच्या वर जातो, आणि टपाल व जकात यात धरलेली नाही. किंमत ऐकून एक काका म्हणाले, "अगं बाई, एवढ्यात दोन शेळ्या येतील की!" सगळे हसले. पण मला त्यात हसण्यासारखे वाटले नाही. पैसे देताना 'बदल्यात काय मिळते' हे विचारलेच पाहिजे. फक्त इंजिनाला शेळीचे माप लावता येत नाही. मग कोणते लावायचे? तेच मी शोधून पाहिले.

ही प्रतिकृती ज्याची आहे ते खरे इंजिन म्हणजे 'फ्लाइंग स्कॉट्समन'. सर नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्यावरून ते १९२३ साली इंग्लंडात डॉनकास्टर येथे बांधले गेले. १९२८ साली लंडन ते एडिंबरो ही सुमारे ३९२ मैलांची न थांबता जाणारी गाडी पहिल्या दिवशी याच इंजिनाने ओढली. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी त्याने ताशी १०० मैल वेग गाठला. एवढ्या वेगाची पक्की नोंद झालेले ते पहिले वाफेचे इंजिन होय. १९६३ साली ते नेहमीच्या कामातून निवृत्त झाले, आणि २००४ पासून ते तिथल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या मालकीचे आहे. म्हणजे प्रतिकृती करायला विषय चांगलाच आहे, यात वाद नाही.

आता पारख. सगळ्यांनी आधी पाहिला तो हिरवा रंग आणि पितळेसारखी चमक. मी मात्र आधी पट्टी घेतली. इंग्लंडातल्या या प्रकारच्या प्रतिकृतींचे प्रमाण असे असते की खऱ्या इंजिनाच्या १ फुटाला ४ मिलिमीटर. खरे इंजिन कोळसा-पाण्याच्या टेंडरसह सुमारे ७० फूट लांब आहे. सत्तर चोक दोनशे ऐंशी, म्हणजे २८ सेंटिमीटर. पट्टीवर तेवढेच भरले. खऱ्या इंजिनाचे मोठे चाक ६ फूट ८ इंचांचे आहे. म्हणजे ते आपल्या गुरुजींच्याही डोक्यावरून जाईल! प्रतिकृतीत ते पावणेसत्तावीस मिलिमीटरच्या आसपास हवे, आणि तसे ते आहे. माप बरोबर असेल तरच पुढचे बघावे. चाक लहान आणि धुराडे मोठे केले तर वर कितीही नक्षी काढा, ते खेळण्याच्या दुकानातले इंजिन होईल, फ्लाइंग स्कॉट्समन होणार नाही.

दुसरी गोष्ट तपशिलाची. तपशील पाहताना 'किती आहेत' हे विचारण्याआधी 'कोणत्या सालचे आहेत' हे विचारावे, असे मला वाटते. कारण खरे इंजिन आयुष्यभर एकाच रूपात राहिले नाही. १९२८ साली त्याला एक खास टेंडर जोडले. त्यातून माणूस जाईल एवढी चिंचोळी वाट होती. गाडी न थांबता पुढचा ड्रायव्हर डब्यातून इंजिनावर यावा आणि थकलेला मागे जावा, यासाठी ती सोय होती. १९४७ साली त्याचा बॉयलर बदलला व इंजिनाचा वर्ग ए-१ चा ए-३ झाला. १९५९ साली दुहेरी धुराडे बसले. १९६१ साली धूर ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुढे दोन बाजूंना पत्रे लावले. आता कोणी '१९३४ चे विक्रमी इंजिन' म्हणून विकले आणि त्याला दुहेरी धुराडे व बाजूचे पत्रे लावले, तर तपशील वाढले पण खोटे झाले. आजोबांच्या लग्नाच्या फोटोत त्यांच्या हातात मोबाईल काढण्यासारखेच ते! दादांच्या इंजिनात एकेरी धुराडे आहे, पत्रे नाहीत आणि टेंडरच्या मागे त्या चिंचोळ्या वाटेचे दारही आहे. म्हणजे इथेही ते पास झाले.

तिसरी गोष्ट जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. तिथल्या खऱ्या दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आहे. या प्रतिकृतीच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७६ ने भागले, तर ते पावणेएकोणीस मिलिमीटरच्या थोडे वर येते. पण प्रतिकृतीचे रूळ फक्त साडेसोळा मिलिमीटरवर असतात. सव्वादोन मिलिमीटरांहून जास्त फरक! याचे कारण जुने आहे. युरोपात ८७ पट लहान गाड्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर चालत, आणि त्यांचा हिशेब बरोबर जुळतो. पण इंग्लंडातली खरी इंजिने अंगाने लहान. ती ८७ पट लहान केली तर त्या काळच्या मोटारी आत बसेनात. म्हणून इंजिनाचे अंग थोडे मोठे केले आणि रूळ होते तेच ठेवले. ती रीत आजही चालू आहे. शिवाय चाकांच्या कडा खऱ्यापेक्षा जाड असतात. कारण घरातले वळण फार लहान असते. साधारण ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण खऱ्या मापात सुमारे ३३ मीटरचे होते, आणि तेवढ्या वळणावरून ७० फुटी इंजिन मुळीच वळणार नाही.

याला मी दोष म्हणत नाही, ही तडजोड आहे. गाडी चालायची तर ती करावीच लागते. पण यावरून एक गोष्ट कळते. 'शंभर टक्के हुबेहूब' असे इंजिन वीस हजारांनाही मिळत नाही. मग आपण जास्तीचे पैसे कशाचे देतो?

जास्तीचे पैसे बरेचसे साच्याचे आणि हातकामाचे असतात. प्लॅस्टिकचे अंग ओतायला पोलादी साचा लागतो आणि तो फार महाग पडतो. समजा, साच्याला दहा लाख रुपये लागले. पाच हजार इंजिने खपली तर एका इंजिनावर दोनशे रुपये पडतील. एकच हजार खपली तर एकावर हजार रुपये पडतील. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.) म्हणून थोडीच माणसे घेतात ती वस्तू महाग होते. दुसरे म्हणजे हातदांड्या, नळ्या, शिट्टी, शिडी हे सुटे भाग माणसे हाताने बसवतात. आपल्याकडे विडी वळणाऱ्या मावश्यांच्या बोटांना जी सवय लागते, तशीच तिथेही लागत असणार. त्या कष्टाचे पैसे देण्याला माझी हरकत नाही. घरात कपाटात ठेवून रोज पाहणाऱ्याला ते इंजिन त्या किमतीला योग्यच आहे, असे माझे मत आहे. दादांनी स्वतःसाठी घेतले ते बरोबर केले.

पण शाळेसाठी? शाळेसाठी घेऊ नये, असे मला स्पष्ट वाटते.

कारण सांगते. ती हातदांडी सुईएवढी बारीक आहे. आपल्या शाळेत पहिली ते सातवीपर्यंतची मुले. प्रत्येकाने एकदा जरी बोट लावले तरी महिन्याभरात अर्धे तपशील निघून येतील. मग काय होईल ते सर्वांना माहीत आहे. इंजिन काचेच्या कपाटात जाईल, कपाटाला कुलूप लागेल आणि किल्ली मोठ्या गुरुजींच्या टेबलाच्या खणात. वर पाटी लागेल, 'हात लावू नये.' म्हणजे ज्या तपशिलासाठी आपण पैसे मोजले, त्या तपशिलामुळेच ते आपल्याला हातात मिळणार नाही. त्याची किंमत दोनदा मोजल्यासारखे होईल. एकदा रुपयांत आणि दुसऱ्यांदा न शिकण्यात.

मागच्या वर्षी आपली सहल पुण्याला गेली होती. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. तिथे छोट्या गाड्या सुटल्या तेव्हा आपण सगळे काय बघत होतो? एकानेही इंजिनाचे खिळे मोजले नाहीत. गाडी वळणावर कशी वळते, सिग्नल कसा पडतो, एक थांबल्यावर दुसरी कशी सुटते, हेच सगळे बघत होते. शिकवते ती चाल. चाकांना जोडणारा दांडा वरखाली होताना पाहिला की दट्ट्याच्या सरळ हालचालीतून चाक गोल कसे फिरते, हे पुस्तकातल्या चित्रापेक्षा लवकर कळते. त्या दांड्याला हुबेहूब रिबीट असो वा नसो.

इथे हेही सांगायला हवे की याला वाफेचे इंजिन म्हणत असले तरी आत विजेची मोटार असते. रुळांतून १२ व्होल्टपर्यंत वीज येते आणि चाकांतून मोटारीला मिळते. खरोखर वाफेवर चालणारे एवढेसे इंजिनही झाले आहे. हॉर्न्बी कंपनीने २००३ साली तसे 'मॅलार्ड' काढले होते. त्यात रुळांतल्या विजेने पाणी तापवून वाफ करत. पण ते आपल्यासारख्या पोराठोरांच्या हातातले काम नव्हे.

माझी मैत्रीण म्हणते, "अर्धवट वस्तू घेतली तर ज्ञानही अर्धवट मिळेल. शाळेत खरे तेच असावे." तिचे म्हणणे मला निम्मे पटते. चुकीच्या मापाचे, बाजारी खेळणे शाळेत नकोच. पण साधे आणि चुकीचे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी तपशिलाचे, पण मापाला बरोबर असे इंजिन मिळते. हॉर्न्बीची 'रेलरोड' नावाची साधी मालिका आहे. नवशिक्यांना परवडावी म्हणून तीत तपशील कमी ठेवतात, रंगकाम साधे असते आणि किंमतही बरीच उतरते. साच्यातच ओतलेली दांडी दिसायला जरा ठोकळ दिसेल, पण ती तुटून हातात येत नाही!

म्हणून शनिवारच्या सभेपुढे मी तीन गोष्टी मांडते.

पहिली, इंजिन साधे घ्यावे, पण मापात बरोबर असलेले. उरलेल्या पैशांत गोल फेऱ्याचे रूळ, वेग कमीजास्त करायचे यंत्र आणि दोन डबे घ्यावेत. रुळाविना इंजिन म्हणजे बैलाविना गाडी.

दुसरी, घेण्याआधी दादांनी ते दुकानात चालवून पाहावे. अगदी हळू चालते का, मध्येच अडखळते का, डबे ओढताना चाके नुसतीच फिरतात का, हे बघावे. ज्याची चाल चांगली त्याला चार पैसे जास्त द्यायला काहीच हरकत नाही.

तिसरी माझ्या सर्वांत आवडीची आहे. जे तपशील विकत घेणार नाही, ते आपण करू. तांब्याच्या बारीक तारेची हातदांडी, पुठ्ठ्याची शिडी, काडेपेटीच्या लाकडाच्या फळ्या. ज्याला टेंडरमधली ती चिंचोळी वाट करायची असेल, त्याला आधी ती कशासाठी होती हे वाचावे लागेल. हिशेब करावा लागेल, चार मिलिमीटरला एक फूट. चुकले तर पुन्हा करता येईल. वीस हजारांच्या इंजिनावर पुन्हा करता येत नाही.

शेळ्यांचा हिशेब घालणाऱ्या काकांना माझे एवढेच सांगणे आहे. काका, तुमचा प्रश्न योग्य होता. शेळी घेताना तुम्ही तिचे शिंग रंगवलेले आहे का ते बघत नाही, दूध किती देते ते बघता. आम्हीही इंजिन घेताना तेच बघावे, असे माझे म्हणणे आहे.

ज्यांना माझे मत पटत नसेल त्यांनी जरूर लिहावे. या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात कोरा कागद टाचला आहे आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली आहे. पालकांनीही लिहावे. शुक्रवारी संध्याकाळी तो कागद काढून गुरुजींकडे देणार आहोत.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी