गिऱ्हाईकाला विचारा, पण आधी त्याच्या हाताकडे बघा

फीडबॅक फॉर्मवरच्या व्हिडिओत मी जे बोललो ते काही जणांना झोंबलं. "सर, मग गिऱ्हाईकाला विचारायचंच नाही का?" विचारा ना! पण माझं मत पक्कं आहे. छोट्या दुकानदारानं माल भरताना गिऱ्हाईक काय बोलतं यापेक्षा काय करतं, यावर पैसे लावावेत. हे मी साठ काचेच्या डब्यांची किंमत मोजून शिकलोय.

डोंबिवली पूर्वेला माझं डबे-बाटल्यांचं दुकान. एका दिवाळीआधी फॉर्म भरून घेतले, 'ऑफिससाठी कोणता डबा घ्याल?' बहुतेकांनी लिहिलं, काचेचा. प्लास्टिक नको, तब्येतीला चांगलं वगैरे. मी 60 पीस उचलले, तेही रोखीनं. दिवाळी संपली तेव्हा 53 शेल्फवर तसेच. पोरांचा बोनस द्यायला मेहुण्याकडून पैसे घ्यावे लागले. मेहुण्याकडून पैसे घेणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मग बीबीएला परीक्षेपुरता वाचलेला एक धडा आठवला. मानसशास्त्रात नैसर्गिक निरीक्षण नावाची पद्धत आहे. माणूस जिथे असतो तिथेच, मध्ये न पडता त्याला बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. आठवडाभर संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे लोकलची गर्दी घरी परतते त्या वेळात, गल्ल्यावर बसून मी तेवढंच केलं. वहीत असं लिहिलं: 'डबा उचलला. झाकण उघडलं. हातात तोलला. सॅकमध्ये घालून बघितला. परत ठेवला. स्टीलचा घेतला.' असं एकदा नाही, रोज.

आता इथे बहुतेक जण चुकतात. मीही चुकलो. मी लगेच लिहिलं, 'जड वाटला.' अहो, पण ते मला दिसलं कुठे? दिसलं फक्त 'उचलला, ठेवला'. जड हा माझा अंदाज. म्हणून वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. नंतर मी डबा परत ठेवणाऱ्यांना सहज विचारायला लागलो, "काय झालं?" काही म्हणाले जड आहे. पण बरेच म्हणाले, "गाडीत फुटेल हो." म्हणजे माझा अंदाज अर्धाच बरोबर होता. आणि बघा, विचारणं इथे कामाला आलं, पण बघून झाल्यावर.

आपल्या लोकलवाल्यांचंच एक उदाहरण देतो. 2010च्या आसपास फायनल माइल या मुंबईच्या संस्थेनं हार्बरवरच्या वडाळा स्टेशनजवळ काम केलं. रूळ ओलांडणं धोक्याचं आहे, असं विचारलं तर प्रत्येक जण सांगेल. तरी लोक ओलांडतातच. लोक तिथे नेमकं काय करतात यावरून त्यांनी उपाय शोधले. मोठी वस्तू येताना आपल्याला तिचा वेग कमी वाटतो, म्हणून काही स्लीपर पिवळे रंगवले. एक पट्टा, दुसरा पट्टा झाकला जाताना दिसला की गाडी किती जोरात येतेय ते कळतं. एका लांब हॉर्नऐवजी दोन छोटे वाजवायचे. आणि गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे फोटो लावले. तिथले मृत्यू कमी झाले. 'रूळ ओलांडू नका' ही पाटी तर आधीही होतीच की.

दुकानाच्या बाबतीत अमेरिकेचे पॅको अंडरहिल वाचा. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्समध्ये दाराजवळच्या टायच्या स्टँडपाशी लोक थांबायचे, मागून दोन-तीनदा धक्का लागला की निघून जायचे. स्टँड हलवला, विक्री वाढली. रामनगरमधल्या किंवा जांभळी नाक्यावरच्या आठ फुटी दुकानात दारातच माल टांगणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा!

आणखी एक गोची आहे. पहिल्या दिवशी मी वही घेऊन शेल्फपाशी उभा राहिलो, तर आमची पोरं एकदम 'या ताई, बसा ताई' करायला लागली आणि गिऱ्हाईक बावरून बाहेर. बघितलं जातंय हे कळलं की माणूस बदलतो, याला हॉथॉर्न परिणाम म्हणतात. हे नाव शिकागोजवळच्या कारखान्यात 1924पासून झालेल्या प्रयोगांवरून आलंय. त्या आकड्यांवर नंतर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, पण माझ्या दुकानात तरी तो दिसला. म्हणून गल्ल्यावरूनच बघा.

पण लपून बघणं वेगळं. सीसीटीव्हीतली क्लिप 'बघा कशी गिऱ्हाइकं येतात' म्हणून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकणारे मला माहीत आहेत. कृपया करू नका. सगळ्यांसमोर जे दिसतं तेवढंच बघा, वहीत नाव नको, फोटो नको. ज्यांच्यावर घर चालतं त्यांची एवढी अब्रू राखायलाच हवी.

त्या 53 डब्यांचं काय झालं? सॅकवाल्यांच्या समोरून उचलून मी ते धान्याच्या बरण्यांशेजारी, फ्रिजमध्ये ठेवायचे म्हणून मांडले. घेणारी माणसं वेगळीच निघाली, बहुतेक आजी-आजोबा. अजून चार उरलेत. एक आमच्याच फ्रिजमध्ये आहे, त्यात बायको कोथिंबीर ठेवते.