युगांडा दूर आहे, मेळघाट नाही

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. ओळखीतलं एक कुटुंब युगांडाला फिरून आलं. त्यांनी पाठवलेले किबाले राष्ट्रीय उद्यानातले फोटो मी आठवीच्या वर्गात मोबाइलवर दाखवले. दाट ओलं जंगल, उंच झाडाच्या फांदीवर हनुवटी खाजवत बसलेला चिंपांझी, निळ्या-हिरव्या पिसांचे पक्षी. मुलं मोबाइलभोवती गोळा झाली. एका मुलीने विचारलं, "टीचर, अपने इधर ऐसा जंगल नहीं है क्या?"

मी गप्प झाले. नांदगाव खंडेश्वरहून मेळघाट सव्वाशे-दीडशे किलोमीटर. वर्गातल्या ३८ मुलांपैकी एकही तिथे गेलेलं नव्हतं. त्यांचं कशाला, माझंच सांगते. जन्म याच जिल्ह्यातला, बी.एड. अमरावतीत केलं, वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. चिखलदऱ्याला दोनदा गेले. पॉइंटवर फोटो काढले, मक्याची कणसं खाल्ली आणि परत आले. त्याला जंगल पाहणं म्हणत नाहीत.

आफ्रिकेतल्या त्या जंगलांना मी नावं ठेवत नाही. किबालेत चिंपांझीसह माकडवर्गातल्या १३ जाती आहेत. जवळच्या ब्विंडीत पहाडी गोरिला आहेत, जे साऱ्या जगात मिळून हजाराच्या थोडे वर उरलेत. पण शेजारच्या रवांडात गोरिलांजवळ एक तास उभं राहण्याचा परवाना १५०० डॉलरचा, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या वर. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरांची ती वर्षाची कमाई आहे. फोटो पाहून मुलांच्या मनात हेच बसतं की जंगल म्हणजे श्रीमंतांचा शौक, आणि तेही परदेशातलं.

म्हणून मी ठरवलं, यंदाची सहल मेळघाटात न्यायची. सेमाडोहला.

इथून खरी अडचण सुरू झाली. आमच्या उर्दू शाळांच्या सहलींचे रस्ते ठरलेले असतात. खुलताबाद, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, नाहीतर वॉटर पार्क. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "जंगल में क्या रखा है?" बसचा ड्रायव्हर तर हसलाच. "मॅडम, वांदरं पाहाले एवढ्या दूर काऊन जाता? आमच्या वावरात या ना. सारी तूर खाऊन ऱ्हायले थे!" त्याचं म्हणणं खोटं नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वानर, रानडुक्कर आणि रोही यांचं कौतुक सांगायला जाणाऱ्याने आधी त्याचं रात्रीचं जागलं पाहावं.

सगळ्यात अवघड होत्या मुली. वर्गात २२ मुली. सहलीला आल्या १३. मी घरोघरी गेले. एका वडिलांनी चहा पाजला, अदबीने बोलले, आणि म्हणाले, "टीचर, किला होता तो भेज देते. जंगल में लड़की का क्या काम?" त्यांची मुलगी दाराआडून ऐकत होती. युगांडाचे फोटो पाहून तो प्रश्न विचारणारी तीच.

पहाटे चारला निघालो. परतवाडा मागे पडलं, घाट लागला आणि मुलं खिडक्यांना चिकटली. सफारीच्या जिप्सी आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांची गरजही पडली नाही. सेमाडोहला एक कोरकू वाटाड्या सोबत घेतला आणि जिथे जायला परवानगी होती तेवढ्याच भागात, सिपना नदीच्या अंगाने फिरलो. पहिली सूचना त्याने केली ती गप्प बसण्याची. माझा वर्ग वीस मिनिटं गप्प बसला. वीस वर्षांच्या नोकरीत मला हे जमलेलं नाही.

मग वानरं दिसली. गावात दिसतात तीच, काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. पण गावात आपण त्यांच्यामागे दगड घेऊन धावतो, इथे बसून पाहिली. वरून ती पाला खात होती आणि अर्धा खाली टाकत होती. खाली चितळं तोच पाला वेचत होती. वाटाड्या म्हणाला, वाघ-बिबट्या आला तर वानराला उंचावरून आधी दिसतो आणि ते ओरडतं, चितळाला वास आधी येतो आणि ते सावध करतं. दोघांचं असं चालतं. शेजारधर्मावर मी मराठीत निबंध लिहून घेते. त्या दिवशी मुलांनी तो झाडावर पाहिला.

परतीच्या वाटेवर, जमिनीवर लांब वाकडी चोच खुपसत एक पक्षी चालत होता. मातकट केशरी अंग, काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर तुरा. मला वाटलं सुतारपक्षी. वाटाड्याने हसून मान हलवली. "हुदहुद्या आहे, मॅडम." मागून एक पोरगा ओरडला, "टीचर, हुदहुद! सुलेमान अलैहिस्सलाम वाला!"

कुरआनातल्या सूरह नम्लमध्ये सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद आमच्या मुलांना मदरशात, घरात, लहानपणापासून माहीत असतो. पण तो पक्षी आपल्या मातीत चालतो, किडे खातो आणि मराठीत त्याचं नावही जवळजवळ तेच आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. बुलबुलचंही तसंच. उर्दू शायरीतला बुलबुल इराणच्या बागांतून आला, आपल्या कडुनिंबावरचा लालबुड्या बुलबुल वेगळा. मी वर्षानुवर्षं पहिला शिकवला, दुसऱ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. सहलीच्या तयारीत मी रानपिंगळ्याबद्दल वाचलं. हे छोटं घुबड फक्त भारतात आढळतं. १८८४ नंतर ते कुणालाच सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद केली होती, पण ती लबाडी निघाली. संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याने त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या पत्त्यामुळे शोध घेणाऱ्यांची दिशाच चुकली. अखेर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना हा पक्षी आपल्या महाराष्ट्रात, शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी! त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तो आणखी कुठे आहे याचा शोध घेतला आणि मेळघाटातही तो असल्याचं नोंदवलं.

फराह इश्तियाक. हे नाव मी बसमध्ये सांगितलं तेव्हा मुलींचे चेहरे पाहण्यासारखे होते. सलीम अली त्यांना माहीत होते, पण ते जुन्या फोटोतले बुजुर्ग. ही तर त्यांच्या मोहल्ल्यात शोभेल अशा नावाची बाई, जी या जंगलात एक पक्षी शोधत फिरली. "जंगल में लड़की का क्या काम" याचं उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच दिलं गेलं होतं. ते आपल्या जिल्ह्यात होतं, आणि आम्ही शिक्षकांनी ते मुलींपर्यंत पोचवलं नाही.

आम्हाला रानपिंगळा दिसला नाही. वाघही नाही. वाघाचं नाव वाटाड्याने घेतलंच नाही, 'कुला मामा' म्हणाला. मामाच्या घरात राहायचं तर अदब हवी, हे मुलांना लगेच कळलं. पण याच जंगलातून बोरी, कोहा, कुंड अशी गावं वाघासाठी बाहेर हलवली गेली, हेही मी त्यांना सांगितलं. युगांडातही १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथल्या बाट्वा लोकांना जंगल सोडावं लागलं. जंगल पाहायला जाणाऱ्याने तिथे आधी कोण राहत होतं हे विचारलं पाहिजे. आपली नावं, आपली वस्ती, आपलं इथलं असणं यावर रोज सवाल ऐकणाऱ्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच. उर्दू शाळांनी दरवर्षी एक सहल जंगलात न्यावी. मेळघाट जमत नसेल तर पोहरा-मालखेडचं जंगल चांदूर रेल्वेच्या वाटेवर आहे, तेही नसेल तर गावचा तलाव आहे. मुलींच्या पालकांना मी विनवते की किल्ल्याला जी परवानगी देता ती जंगलालाही द्या, सोबत आम्ही शिक्षिका असतो. आणि शिक्षकांनी, माझ्यासकट, आधी दहा पक्ष्यांची नावं उर्दूत आणि मराठीत शिकून घ्यावीत. याला पैसा लागत नाही.

सोमवारी शाळेत सहलीला न आलेल्या त्या मुलीने मला गाठलं. "टीचर, सच में हुदहुद दिखा?" मी पक्ष्याचं वर्णन केलं. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती धावत आली, माझा हात धरून मैदानाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. कुंपणाजवळ, वाळलेल्या गवतात, तो तुरा हलवत चोचीने माती उकरत होता.

पुढच्या वर्षी तिच्या वडिलांकडे पुन्हा चहाला जाणार आहे.