शेपूट-चाकाचे विमान आणि आपला कळफलक

विमान उडविणे अवघड, की ते जमिनीवरून चालविणे अवघड? हा प्रश्न कोणाही सुज्ञ माणसास विचारला, तर तो क्षणाचाही विलंब न लावता ‘उडविणे’ असेच उत्तर देईल. गेल्या सत्रापर्यंत मीही तेच दिले असते. परंतु शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत जमणाऱ्या आपल्या काही विद्यार्थ्यांनी माझा हा समज दूर केला.

या मुलांपाशी ‘फ्लाइटगिअर’ नावाचा विनामूल्य सिम्युलेटर आहे. संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा सराव घडविणारे हे साधन होय. नाकाखाली चाक असलेली विमाने त्यांनी सहज उडविली. मग एकाने ‘पायपर कब’ हे विमान निवडले. याची दोन मोठी चाके पुढे, आणि एक लहानसे चाक शेपटीखाली. ते धावपट्टीवर थोडे धावले, गर्रकन वळले आणि गवतात शिरले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा गवत. अखेर तो विद्यार्थी कळफलक दूर सारून म्हणाला, “सर, खऱ्या वैमानिकाच्या पायाशी पेडल असतात. आपल्यापाशी नुसत्या कळा. हे आपल्याच्याने व्हायचे नाही.” त्याचा सोबती म्हणाला, “मग आपोआप सुकाणू फिरविण्याची सोय चालू करू या.” या दोन्ही उत्तरांविषयी मला काही सांगावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की असली विमाने म्हणजे केवळ संगणकावरची गंमत नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस जुहू येथे उतरले, ते ‘पस मॉथ’ विमान शेपूट टेकून बसणारेच होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या आरेखनातून घडलेले ‘एचटी-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम आकाशात गेले. त्यालाही शेपटीखालीच चाक होते, आणि आपल्या हवाई दलातील नवशिक्या वैमानिकांनी कितीतरी वर्षे त्यावरच धडे गिरविले.

मग हे विमान गिरकी का घेते? त्याचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे असतो. नाक किंचित डावीकडे वळले, तरी मागचा भार सरळच जाऊ पाहतो, शेपटीला बाहेर ढकलतो आणि वळण वाढतच जाते. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या पुढे असल्यामुळे चूक आपोआप कमी होते. येथे ती आपोआप वाढते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेणाऱ्यास हा अनुभव नवा नाही. ट्रॉली जराशी तिरपी झाली आणि चालकाने तेव्हाच सावरली नाही, तर पाहता पाहता ती आडवी होते.

यावर उपाय म्हणजे चूक लहान असतानाच ती दुरुस्त करणे. पायातील पेडल हवे तेवढे, हवे तितका वेळ दाबता येते. कळेचे तसे नाही. फ्लाइटगिअरमध्ये अंकफलकावरील शून्य आणि एंटर या कळांनी सुकाणू एकेक पायरी सरकते, आणि तेथेच राहते. नवशिका पडद्यावर वळण स्पष्ट दिसेपर्यंत थांबतो, मग घाबरून कळ दाबून धरतो. सुकाणू पुरते वळते आणि विमान उलट्या दिशेस झोकांडी खाते. माझी मातृभाषा कोंकणी. लहानपणी गावच्या खाडीत होडी वल्हविताना वडीलधारी माणसे सांगत, की होडीचे तोंड वळू लागताच वल्हे सोडावे, वळून होईपर्यंत थांबू नये. येथेही तसेच करावे. एकदोन पायऱ्या सुकाणू द्यावे आणि नाक परतू लागताच पाचाची कळ दाबून ते मध्यावर आणावे.

विमान माणसाच्या चालीने चालवावे. उभारलेल्या नाकामुळे समोरचे दिसत नाही, म्हणून नागमोडी जावे. वारा पाठीमागून नसेल, तेव्हा नियंत्रणदांडा मागे ओढून धरावा, म्हणजे शेपटीचे चाक जमिनीस घट्ट टेकते. वळण कमी पडले तर सुकाणू देऊन इंजिनास क्षणभर जोर द्यावा. पंख्याचा वारा सुकाणूवर आदळून काम करतो. स्वल्पविरामाच्या कळेने डाव्या आणि पूर्णविरामाच्या कळेने उजव्या चाकाचा ब्रेक लागतो. त्यांना केवळ स्पर्श करावा. दोन्ही ब्रेक एकदम करकचून लावले, तर विमान नाकावर पडावयाचे.

आता त्या आपोआप चालणाऱ्या सोयीविषयी. ती सुकाणूस पंखांवरील झडपांशी जोडून टाकते. आकाशात तिचा उपयोग आहे. जमिनीवर मात्र आडवा वारा असता झडपा एकीकडे आणि सुकाणू दुसरीकडे द्यावे लागते, आणि नेमके तेच ती करू देत नाही. शिवाय जे शिकावयाचे, तेच ती आपल्या हातून काढून घेते. म्हणून जमिनीवर ती बंद असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही पालक म्हणतील, हा वेळेचा अपव्यय आहे. मी तसे मानत नाही. १९२९ साली एडविन लिंक या अमेरिकन वाद्यनिर्मात्याच्या मुलाने ऑर्गनच्या भात्यांवर हालणारे सरावयंत्र बनविले, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिक त्यावर शिकले. अपुरे साधनही एखादी गोष्ट नीट शिकवू शकते. मात्र कोणती गोष्ट ते शिकवीत नाही, हेही आपणास ठाऊक हवे. कळफलकावर आसनाखालचा धक्का जाणवत नाही, पायांना वाऱ्याचा जोर कळत नाही. पडद्यावर सरळ धावले म्हणून खरे विमान आपणास येते, असे कोणी म्हणू नये. ते प्रशिक्षकाशेजारी बसूनच शिकावे लागते.

पुढील वर्षी संगणकाच्या खोलीसाठी थोडी रक्कम जमली, तर मोठ्या पडद्याऐवजी मूठ पिळून सुकाणू फिरविता येईल अशी एक जॉयस्टिक घ्यावी, अशी पालकांना माझी विनंती आहे. तोवर कळा आहेत. ज्या विद्यार्थ्याने कळफलक दूर सारला होता, तो चार दिवसांनी परत आला. आता तो विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू, नागमोडी नेतो. उड्डाणाच्या वेळी ते अजूनही कधीकधी गवतात जाते. पण ते कोणत्या क्षणी हातचे गेले, हे तो आता स्वतः सांगू शकतो.