नाव बदकाचे, वास बोंबलाचा

सकाळी मोबाइल हाती घेतला की ‘सुप्रभात’च्या गुलाबांमागोमाग जो मजकूर पडद्यावर येऊन पडतो, त्यातील एक प्रकार मला फार आवडतो. ‘तुम्हांला हे ठाऊक आहे का?’ असे विचारून तो आपल्याला अडवतो आणि उत्तराची वाट न पाहता काहीतरी विलक्षण सांगून मोकळा होतो. या पंधरवड्यात मी अशा मजकुरांतून केवळ आपल्या शहराच्या नावाशी निगडित असलेले वेचले. काही हसण्याजोगे निघाले, एक मात्र असे निघाले की ते घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या फाइलीत लिहून ठेवावे.

शीव कोळीवाड्याचा रहिवासी असल्याने आरंभ उंबरठ्यापासून करतो. ‘सायन’ हे नाव जेरुसलेमच्या झायन टेकडीवरून आले, पाद्र्यांनी येथे प्रार्थनामंदिर बांधले आणि ते नाव दिले, अशी व्युत्पत्ती सर्वत्र फिरते. ज्याने आयुष्यात एकदा तरी गावची शीव ओलांडली आहे, त्याला मात्र त्यासाठी जेरुसलेमपर्यंत जावे लागत नाही. शीव म्हणजे हद्द. अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे पोर्तुगिजांची साष्टी, आणि मधली ही सीमा. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी जेराल्ड आँजिएच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात, टेकडीवर बांधलेला किल्ला अजून उभा आहे. ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी सकाळी चढून जावे. ज्यांचे देत नाहीत त्यांनी पायथ्याच्या बागेत बसावे. किल्ला तेथूनही दिसतो.

आता बोंबलाकडे वळू. जगभर त्याला ‘बॉम्बे डक’ म्हणतात, म्हणजे मुंबईचे बदक. या नावामागची कथा आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेली असेल. सुके बोंबील टपालगाडीतून, म्हणजे ‘बॉम्बे डाक’मधून, देशभर जात, डब्याला त्यांचा वास लागे, इंग्रज साहेब नाक मुरडून ‘डाक’ म्हणत आणि त्या ‘डाक’चे पुढे ‘डक’ झाले. कथा इतकी सुबक आहे की ती खोटी ठरवताना जिवावर येते. पण तारखा तिच्या बाजूने उभ्या राहत नाहीत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या या शीवेवरूनच पुढे गेली, आणि ‘बॉम्बे डक’ हा शब्द इंग्रजी लिखाणात त्याच्या कितीतरी आधीपासून आढळतो. १८२९ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पुस्तकात या माशाचे हे लाडके नाव नोंदलेले आहे. जी गाडी अद्याप रुळांवर आलेली नाही, तिच्या डब्याला बोंबलाचा वास कसा लागणार? आता कोणी टपालगाडीची गोष्ट पाठवली, तर फक्त हे दोन आकडे उलट पाठवावे. भांडण करू नये. गोष्ट पाठवणारा बहुधा आपला व्याहीच असतो.

या बदकाची खरी मौज पुढेच आहे. विलायतेतील भारतीय खाणावळींत रश्शाबरोबर कुरकुरीत सुका बोंबील देण्याची प्रथा होती. ब्रिटनमध्ये वर्षाला १३ टनांहून अधिक सुका बोंबील फस्त होई. १९९७ साली युरोपीय आयोगाने त्याच्या आयातीवर बंदी घातली. कोणी आजारी पडले म्हणून नव्हे. मंजूर कारखान्यांतून गोठवून किंवा डबाबंद होऊन आलेली मासळीच भारतातून घ्यायची असा नियम होता, आणि बोंबील तर कोणत्याच कारखान्यात तयार होत नाही. किनाऱ्यावर बांबू रोवून दोर बांधतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टाकतात, आणि उरलेले काम ऊन आणि वारा करतात. या कारखान्याला मंजुरी कोण देणार? तेव्हा तिकडील चाहत्यांनी ‘बॉम्बे डक वाचवा’ नावाची मोहीम उघडली, तिचे संकेतस्थळ काढले, आपल्या उच्चायुक्तालयानेही आयोगाकडे विषय नेला. अखेर तोड निघाली ती अशी: बोंबील खुशाल उघड्यावर वाळू द्यावा, मात्र तो बांधायचा मान्यताप्राप्त ठिकाणी. मग मुंबईत तसे ठिकाण शोधून बर्मिंगहॅमच्या एका व्यापाऱ्याने माल पुन्हा नेला. एका माशाच्या वासासाठी दोन सरकारांनी पत्रव्यवहार केला, ही हकीकत कोणी रचून सांगितली असती तर मी तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

पथ्याचा प्रश्न काही वाचक लगेच विचारतील. ओला बोंबील मऊ असल्याने दात कमी झालेल्यांना तो चालतो, फक्त मधला काटा काढून द्यावा. सुकी मासळी घेताना मात्र ती नुसती उन्हात वाळवलेली आहे की मिठात खारवलेली, हे कोळिणीला स्पष्ट विचारावे. रक्तदाब असलेल्या किंवा पायांवर सूज येणाऱ्या माणसाच्या ताटात खारवलेला मासा आणि वर पापड-लोणचे हा मेळ नको.

बोंबलावरून कोळंबी आठवणे स्वाभाविक आहे. देशात कोठेही खानावळीचे कार्ड उघडा, ‘प्रॉन्स कोळीवाडा’ आणि ‘चिकन कोळीवाडा’ तेथे असतेच. यातील कोळीवाडा म्हणजे आमचा हा शीव कोळीवाडा. परंतु पदार्थ कोळ्यांचा नव्हे! फाळणीनंतर पंजाबातून निर्वासित होऊन आलेली कुटुंबे येथे वसली आणि त्यांच्यातील खाद्यविक्रेत्यांच्या कढईत हा पदार्थ जन्मला. चव घेऊन पाहा, म्हणजे साक्षीदाराची गरज उरत नाही. कोळ्यांच्या घरी कोळंबीचे कालवण होते, किंवा हळद-तिखट लावून ती तव्यावर परतली जाते. बेसनाचे जाड आवरण आणि त्यात ओवा ही तर अमृतसरी मच्छीची रीत. जिन्नस समुद्राचा आणि हात पाच नद्यांच्या प्रदेशाचा. हार्बर मार्गावरील आमच्या स्थानकाचीही तीच कथा आहे. त्याचे नाव पूर्वी कोळीवाडा होते, आता ते गुरु तेगबहादूर नगर आहे. स्थानकाच्या पाटीवरून निघालेला कोळीवाडा असा देशभरच्या खाद्यपत्रिकांवर जाऊन बसला. मला यात तक्रारीसारखे काही वाटत नाही. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी ज्या वस्तीत पाय रोवले तिचेच नाव आपल्या पदार्थाला दिले, याहून मोठी पोचपावती ती कोणती?

ज्या घरात आजी-आजोबांची स्मृती अलीकडे विस्कळीत झाली आहे, तेथील मंडळींना एक सुचवतो. ‘आज सकाळी काय खाल्ले?’ हा प्रश्न त्यांना परीक्षेसारखा वाटतो व ते चिडतात. त्याऐवजी ‘कोळीवाडा स्थानकावर उतरून तुम्ही कोठे जात होता?’ असे विचारून पाहावे. जुन्या मुंबईची छायाचित्रे इंटरनेटवर विपुल आहेत. त्यातील एकच मोठे करून हातात द्यावे आणि थांबावे. उत्तर चुकीचे आले तरी दुरुस्त करू नये. ट्रामचा क्रमांक चुकल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. ‘जगात एक रक्तगट असा आहे की त्याचे नावच बॉम्बे आहे’ हा मजकूर तुमच्याकडे आला असेल, आणि बदकाच्या अनुभवानंतर तुम्ही त्याला थाप समजून पुसूनही टाकला असेल. तो खरा आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रक्तगटाचा शोध लावला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. शहराने पुढे नाव बदलले, रक्ताने बदललेले नाही.

त्याचे गमक थोडक्यात असे. आपल्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा एक पायाभूत घटक असतो. त्यावर आणखी एक शर्करा चढली की रक्तगट ‘ए’ किंवा ‘बी’ होतो, काहीच चढले नाही की ‘ओ’. बॉम्बे गटाच्या माणसात हा पायाच नसतो. त्यामुळे नेहमीच्या प्राथमिक तपासणीत ‘ए’ सापडत नाही, ‘बी’ही सापडत नाही, आणि कार्डावर ‘ओ’ लिहिले जाते. धोका नेमका येथे आहे. ‘ओ’ रक्तात ‘एच’ भरपूर असतो, आणि बॉम्बे गटाच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार असतात. जे ‘ओ निगेटिव्ह’ रक्त आपण सर्वांना चालणारे म्हणून ओळखतो, ते याच माणसाला चालत नाही. दिल्यास जिवावर बेतू शकते. त्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त लागते. युरोपात अशी व्यक्ती दहा लाखांत एखादी. भारतात हे प्रमाण साधारण १०,००० मध्ये एक मानले जाते. म्हणजे गर्दीच्या वेळी आपल्या दादर स्थानकावर असा एखादा प्रवासी असण्याचा संभव मुळीच लहान नाही, आणि त्याला स्वतःला ते बहुधा माहीत नसते.

वयस्कर मंडळींच्या घरी यातून काय करायचे? खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली की रक्ताची तजवीज आधी होते. रक्तपेढीत दात्याचे आणि रुग्णाचे रक्त एकत्र करून जुळणी पाहतात. कार्डावर ‘ओ’ असूनही कोणतेच ‘ओ’ रक्त जुळत नाही, असे पूर्वी कधी घडले असेल तर ते शल्यविशारदाला पहिल्याच भेटीत सांगावे. ‘एच’ची तपासणी करून खुलासा होतो. बॉम्बे गट निष्पन्न झाला तर प्रथम सख्ख्या भावंडांची तपासणी करावी, कारण हा गुण आई आणि वडील या दोघांकडून मिळाला तरच उतरतो आणि भावंडांत तो असण्याची शक्यता चारांत एक असते. रक्तपेढ्यांकडे अशा दात्यांच्या नोंदी असतात, पण दाता शोधण्यात दिवस जातात. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नाही.

या गटाने आणखी एक घोटाळा करून ठेवला आहे. कार्डावर ‘ओ’ असलेल्या माणसाच्या पोटी ‘एबी’ गटाचे मूल येऊ शकते, कारण त्याच्यात ‘ए’ किंवा ‘बी’चा गुण दडलेला असतो, फक्त पाया नसल्याने तो दिसत नाही. शाळेच्या पुस्तकातील रक्तगटांचा तक्ता पाहून कोणा सुनेकडे संशयाने बघणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे. मालिकांच्या लेखकांनीही समजून घेतले तर बरे, पण मग त्यांचे शंभर भाग कसे निघणार!

याच्या अगदी उलट एक मजकूर १९९९ सालापासून फिरतो आहे. तेव्हा तो ई-मेलने येई, आता व्हॉट्सॲपवर येतो, आणि तो बहुधा ज्येष्ठांनाच पाठवला जातो: ‘एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल.’ त्यात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला. अँजिओग्राफीच्या टेबलावर, पडद्यावर हृदयाची लय दिसत असताना ती अचानक बिघडली, तर डॉक्टर रुग्णाला खोकायला सांगतात. त्याने काही क्षण रक्तप्रवाह चालू राहतो आणि तेवढ्यात उपचार होतो. घरी तसे नसते. झटका आलेल्या माणसाचे हृदय सहसा चालू असते, त्याला खोकण्याची गरज नसते. आणि ते खरोखरच थांबले तर काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग खोकणार कोण? अमेरिकन हार्ट असोसिएशनने या उपायाची शिफारस केलेली नाही. खोकण्यात घालवलेली मिनिटे हीच खरी हानी आहे. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम असे काही जाणवले तर १०८ क्रमांक फिरवावा, दाराची कडी काढून ठेवावी, शेजाऱ्याला हाक मारावी आणि बसून राहावे. जिना उतरू नये. तुमच्या आईच्या मोबाइलवर तो खोकल्याचा मजकूर असेल, तर तिला न हसता, तिच्या शेजारी बसून, तिच्याच हाताने तो काढून टाकावा आणि त्या जागी १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरात साठवून द्यावा.

जागा थोडी उरली आहे, तेव्हा आमच्या शीवेचीच एक नवलाई. ‘बँकेत दूध जमा होते’ असा मजकूर आला, तर तो पुसू नका. येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. बाळाचे पोट भरून ज्यांचे दूध उरते, अशा माता ते देतात. दात्या मातांची तपासणी होते, दूध तापवून निर्जंतुक करतात, थंड करून साठवतात, आणि ज्यांच्या आईला अजून दूध उतरलेले नाही अशा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बालकांना ते चमच्याने वा नळीने पाजतात.