साहेबापुढे जाण्याआधी



मागणी घेऊन साहेबाकडे जाणाऱ्याने आधी आपल्या माणसांत बसावे. १९२८ सालचा मुंबईतील गिरणी कामगारांचा संप आठवा. गिरणीतले जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. तिथे सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. बाबासाहेबांनी हा प्रश्न आधी संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला आणि मागण्यांत घ्यायला लावला.

बोध एवढाच, की आपल्यातल्या दुबळ्याचे गाऱ्हाणे वगळून केलेली तडजोड अर्धीच असते. कायम कामगारांचा बोनस ठरतो आणि कंत्राटावरच्या सफाईवाल्या ताईला हातमोजेही मिळत नाहीत, हे आपणच थांबवायचे.

मागण्या कागदावर लिहा. कोणती सोडायची नाही, कोणती पुढे ढकलता येईल, हे आधीच ठरवा. एकट्याने जाऊ नका; दोघे-तिघे जा, त्यात एक भगिनी असू द्या. आवाज चढवू नका, पण नुसत्या तोंडी होकारावर परतूही नका. तारीख घालून सही घ्या.

सर्वांच्या वतीने बोलणाऱ्याने शेवटच्या माणसाचे आधी बोलावे. जयभीम!